सोडलेले मासे

त्यानं तीन मासे सोडले. टीव्हीच्या पडद्यावर वरून एक निळा मासा उतरत होता आणि त्याच्या खान्यात, अगदी डाव्या कडेला, दोन निळे मासे शेजारी शेजारी पडून होते. बटण दोनदा दाबलं असतं तर तिसरा त्यांच्या अंगावर जाऊन बसला असता, तिन्ही टुणकन नाहीसे झाले असते, वरचे तारे घसरून त्यांचीही ओळ लागली असती आणि तिच्या खान्यात राखाडी धोंडे कोसळले असते. शेंबड्या पोरालाही दिसावं इतकं ते उघड होतं. त्यानं मासा नेऊन उजवीकडच्या पानांच्या ढिगावर ठेवला. ठेवला, आणि पुढच्या ठोकळ्याची वाट बघत बसला. चूक झाली की तो जीभ चावायचा; तशी चावली नाही. तिचा अंगठा बटणावर तसाच राहिला आणि तिचा स्वतःचा चंद्र भलत्याच ठिकाणी जाऊन पडला. तरी ती जिंकली. "घ्या, आज पण भांडी आपल्याच नशिबात," म्हणत तो उठला, स्वयंपाकघरात जाताना चौकटीवर खांदा आपटला, "आयला या दाराच्या," म्हणाला, आणि मग नळ सुटल्याचा आवाज आला. ती पडद्याकडे बघत राहिली. मधल्या रेघेच्या डावीकडे तिचा खाना, उजवीकडे त्याचा. तिच्यात वरपर्यंत मोकळी जागा, त्याचा गळ्यापर्यंत भरलेला, आणि तळाशी ते दोन मासे. आज पण, असं तो म्हणाला होता. काल पण तीच जिंकली होती. परवाही. किती दिवस झाले, हे आठवायला गेल्यावर तिला आपण शेवटचं हरलो कधी तेच सापडेना.

हा खेळ त्यांच्या संसाराएवढा जुना. लग्नानंतरची पहिली खोली एका व्हिडिओ गेम पार्लरच्या वरची होती. दिवसभर जमिनीतून टिंगटिंग, ढिशुम असे आवाज यायचे. पार्लर बंद पडलं तेव्हा मालकानं सगळं सामान फूटपाथवर मांडलं, आणि त्यातून तो एक यंत्र, दोन रिमोट आणि ही एकच कॅसेट उचलून घेऊन आला. कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारल्याशिवाय ती चालायची नाही, आणि फुंकर त्याचीच लागायची, तिची नाही. तीन एकसारखे ठोकळे एकमेकांना चिकटले की उडतात, एका झटक्यात दोन ओळी उडवल्या की दुसऱ्याच्या खान्यात धोंडे पडतात, धोंडा कशालाच चिकटत नाही, आणि ज्याचा खाना आधी भरेल तो हरला. एवढंच. हरेल त्यानं भांडी घासायची. मुलगी झाली, मोठी झाली, शिकायला दुसऱ्या शहरात गेली, ती सुट्टीत आली की त्या जाडजूड टीव्हीपुढे बसलेल्या आईबापाकडे बघून म्हणायची, "तुमच्यावर तिकीट लावायला पाहिजे." तो संध्याकाळी कंपनीची बस जागेवर लावून यायचा, ती दातांच्या लॅबमधून यायची, चहा व्हायचा, आणि स्वयंपाकाला लागायच्या आधी हा एक डाव. खेळताना तो तिचा नवरा नसायचाच. रेघेपलीकडे तिच्या खान्यात डोकावायचा, "दातवाले, तुझा चंद्र कुजला बघ कोपऱ्यात," म्हणून चिडवायचा, आणि तिचं लक्ष उडालं की धोंडे टाकायचा. तिला दिवस गेलेले असताना, उलट्या चालू असताना, त्यानं दयामाया दाखवली नव्हती. तिची आई गेली त्यानंतर बरेच दिवस यंत्रावर फडकं टाकलेलं होतं. मग एका संध्याकाळी त्यानं ते काढलं, फुंकर मारली, आणि तिला असं काही चीत केलं की ती भांडी घासता घासता रडली, पण बरं वाटून रडली. कारण त्या हरण्यात काहीतरी पक्कं होतं. सगळं जाग्यावर आहे, मी कुणी बिचारी नाही, असं ते हरणं तिला सांगत होतं.

आणि म्हणूनच आता जिंकणं घशाखाली उतरेना. तो मुद्दाम हरतोय, हे मनात आलं आणि मग तिथून हललंच नाही. तिनं त्याला असं हरताना एकदाच पाहिलं होतं. तिचे सासरे शेवटी शेवटी अंथरुणालाच खिळले होते, तेव्हा तो पलंगावर कॅरमबोर्ड ठेवून त्यांच्याशी खेळायचा. म्हाताऱ्यांचा हात कापायचा, स्ट्रायकर निम्म्या वाटेत थांबायचा. तो राणीवर नेम धरायचा आणि केसभर चुकवायचा, असा सफाईनं चुकवायचा की चुकवण्यालाही कसब लागतं हे तिला तेव्हा कळलं. म्हातारे खूष व्हायचे. "उस्ताद, तुझा हात गेला," म्हणायचे. डेपोत सगळे त्याला उस्ताद म्हणतात म्हणून तेही म्हणायचे. एकदा गॅलरीत तिनं त्याला विचारलं, "का रे असं करतोस? त्यांना कळलं तर?" तो कपडे वाळत घालत होता. चिमटा तोंडात धरूनच म्हणाला, "आता त्यांना हरवून कुठे ठेवू?" तो चिमटा, ते तोंडातल्या तोंडात आलेलं वाक्य, आणि त्याच्या खांद्यामागे कुणाच्या तरी गच्चीवर फडफडणारी चादर, हे सगळं आता भांड्यांच्या आवाजातून तिच्याकडे चालून आलं. आपल्याला हरवून तो कुठे ठेवणार?

मग डॉक्टरची ती दुपार आठवली. खोकला जाईना म्हणून तो तिला घेऊन गेला होता. तपासून झाल्यावर ती पडद्याआड ब्लाउजची बटणं लावत होती आणि पलीकडे तो नि डॉक्टर हलक्या आवाजात बोलत होते. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. माणसं झोपलेल्या माणसाशेजारी बोलतात तो सूर. ती बाहेर आली तसे दोघं गप्प झाले. डॉक्टर जरा जास्तच हसले. जिन्यात त्यानं सांगितलं, "काही नाही गं, धूळ. प्लास्टरची धूळ जाते छातीत. मास्क लावत जा." तिला तेव्हा खरंच हायसं वाटलं होतं, आणि खाली उतरून दोघांनी उसाचा रस प्यायला होता. पण आता तिनं तारखा जुळवून पाहिल्या आणि त्या जुळल्या. जिंकणं सुरू झालं ते त्यानंतरच. किंवा थोडं आधी. आधीचं तिला नको होतं, म्हणून तिनं ते नंतरच असं धरलं.

त्यानंतरचे दिवस तिनं एखाद्या हेरासारखे काढले. लॅबमध्ये ती मेणात दात बसवायची, एकेक दात चिमट्यानं उचलून, शेजारच्याशी रंग जुळवून, आणि मनात म्हणायची, ही कवळी घालणारी बाई माझ्यापेक्षा जास्त जगणार. खोकला आला की ती तोंडावर रुमाल धरायची आणि मग रुमाल उघडून बघायची. त्यात काही नसायचं. नसण्यानंही धीर यायचा नाही. आतल्या आत काम चाललं असेल. मुलीला फोन केला तेव्हा तिनं उगाच तिला कपाटातल्या गरम कपड्यांची जागा सांगितली आणि मुलगी म्हणाली, "आई, बरी आहेस ना?" घरी नवऱ्याच्या प्रत्येक हालचालीत तिला दया दिसायला लागली. तो तिच्याशी बोलताना पूर्ण वळून, चेहरा समोर आणून बोलायला लागला होता. पूर्वी पेपरातून मान वर करायचा नाही. रस्त्यानं चालताना तो तिला आपल्या उजव्या हाताला घ्यायचा, दंड धरायचा. आणि खेळताना तो गप्प असायचा. तिच्या खान्यात डोकावणं बंद झालं होतं. कुजलेल्या चंद्रांवर, रेंगाळलेल्या ताऱ्यांवर तो एक शब्द बोलत नव्हता. तिनं मुद्दाम एकदा आपल्या खान्यात मूर्खासारखी रास रचून ठेवली, कुणाच्याही तोंडून हसू फुटेल अशी. तो हसला नाही. एकटक आपल्या अर्ध्याकडे बघत, ओठ घट्ट मिटून, जणू तिथं ती नव्हतीच, असा खेळत राहिला, आणि हरला. माणूस मेल्यावर त्याच्या वस्तूंकडे जसं बघवत नाही तसं तो माझ्या खान्याकडे बघू शकत नाही, असं तिला वाटलं, आणि त्या संध्याकाळी तिच्यानं गप्प राहवेना.

"तू मुद्दाम हरतोयस," ती म्हणाली.

"काय?"

"मुद्दाम सोडतोस. मासे, तारे, सगळं. मला कळत नाही असं वाटतं का तुला? सांग, काय म्हणाला डॉक्टर? मला काय झालंय?"

तो आधी हसला. मग तिच्याकडे पूर्ण वळला, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते दिसल्यावर त्याचं हसू विझलं. "तुला काही झालेलं नाही. धूळ म्हणाला, धूळच आहे. लेकीची शपथ." आणि मग एकदम त्याचे कान लाल झाले. "आणि मुद्दाम कोण हरतंय गं? मी जीव तोडून खेळतोय. रोज ठरवून बसतो की आज हिला लोळवायची, आणि रोज हरतो. म्हातारा झालास म्हण, हात गेला म्हण. पण मुद्दाम म्हणू नको."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना तो मान खाजवतो, आणि त्याचे दोन्ही हात रिमोटवर होते. तिच्या आत इतके दिवस आवळलेलं काहीतरी सैल झालं. पायाच्या अंगठ्यापर्यंत ऊब गेली. मला काही झालेलं नाही. ती चक्क हसली, नाक पुसलं, "बरं बाबा, हात गेला तुझा," म्हणाली. तो फुरंगटून बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "पाणी कुठे ठेवलंस?" तांब्या त्याच्या शेजारीच होता. डाव्या बाजूला, हातभर अंतरावर. स्टुलावर, नेहमीच्या जागी. "हा काय," ती म्हणाली. त्यानं मान वळवली, बरीच वळवली, आणि मग तांब्या घेतला. "हां, दिसला नाही."

ती ऊब जशी आली तशी ओसरली. तिनं पडद्याकडे पाहिलं. संपलेला डाव अजून तसाच होता. त्याच्या खान्यात उजवीकडची बाजू नीट, तिथं एकही जोडी वाया गेलेली नाही, जुन्या उस्तादाचा हात. आणि डाव्या कडेला जोड्याच जोड्या, चंद्राला चंद्र, पानाला पान, कुणी न्यायला न आलेल्या. आणि त्याही पलीकडे, रेघेच्या डावीकडे, तिचा आख्खा खाना. भांडी घासून झाल्यावर ओट्याच्या एका कोपऱ्यात दोन ताटल्या राहून जायच्या. त्यावर ती म्हणायची, पुरुषांचं काम हे असंच. चौकटीवर आपटायचा तो खांदा कुठला? तिला विचारावं लागलं नाही. ती उठली. आवाज न करता त्याच्या मागून फिरून त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, इतक्या जवळ की त्याच्या शर्टाचा डिझेलचा वास येत होता. तो समोर बघत अंगठ्याचं नख कुरतडत होता. तिनं आपला हात त्याच्या डोळ्याशेजारी, कानाच्या रेषेत, उघडा धरला. बोटं हलवली. हात हळूहळू पुढे आणला. तो नख कुरतडत राहिला. तिनं जीभ काढून दाखवली, लहानपणी भावाला दाखवायची तशी, आणि त्या वेडावलेल्या चेहऱ्यानं ती तशीच उभी राहिली, कारण आता तो चेहरा मागे कसा घ्यावा ते तिला समजेना. तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दिशेनं मोठ्यानं म्हणाला, "रुसून आत गेलीस होय?"

ती चवड्यांवर चालत आत गेली. ओट्याला धरून उभी राहिली आणि मग तिथून म्हणाली, "आले."

सकाळी चहाच्या वेळी तिनं त्याला समोर बसवलं. "माझ्या नाकाकडे बघ. डोळे हलवू नको. आता हात दिसतो?" "कुठला हात?" तो म्हणाला. तिनं हात तसाच ठेवला. त्यानं डोळे वळवले, हात पाहिला, पुन्हा नाकाकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे. चहावर साय धरली. "चष्मा लागला असेल," तो म्हणाला. "शनिवारी दाखवू कुणाला तरी." "आज गाडी काढू नको." "अगं, बदली माणूस नाही. दोन्ही पाळ्यांची माणसं रस्त्यावर उभी राहतील." "राहू देत." "तुला कळतं का काय बोलतेस? एकदा डोळ्याचं नाव निघालं की लायसन्स गेलं. मग काय करू मी? भांडी घासू?" आणि मग बूट चढवता चढवता, तिला धीर द्यायला म्हणून, "इतकी वर्षं तोच रस्ता. डोळे मिटून नेईन मी गाडी," असं म्हणाला. स्वतःचे शब्द त्याच्या कानावर पडले आणि त्याचे हात नाडीवर थांबले. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. ती त्याला अडवू शकली असती. दारात आडवी झाली असती तर तो तिला ओलांडून गेला नसता. पण तिनं त्याला इतक्या वर्षांत घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या नाडीवर थांबलेल्या हातांकडे बघून तिनं चहाचे कप उचलले. तो गेला. जिन्याच्या कठड्याला घासत, एका बाजूनं.

लॅबमध्ये ती एका कवळीपुढे बसून राहिली. मेण गार झालं, तिनं पुन्हा तापवलं, पुन्हा गार झालं. बसचं दार डावीकडे असतं. ही गोष्ट तिला जन्मभर माहीत होती, आणि आता ती तिच्यापुढे अशी येऊन उभी राहिली जशी पहिल्यांदाच कुणी सांगितली असावी. माणसं डावीकडून चढतात. डावीकडे उतरतात. सायकलवाले डावीकडून जातात. शाळेतली पोरं डाव्या बाजूनं, भिंतीच्या कडेकडेनं, एकमेकांना ढकलत चालतात. त्याची ती भली मोठी पांढरी बस तिला दिसायला लागली. अर्धी उजेडात आणि अर्धी नसलेली, आणि नसलेल्या अर्ध्यातून माणसं आत येतायत. तिनं डेपोच्या सुपरवायझरला फोन लावला. "बोला वहिनी," तो म्हणाला. मागे इंजिनांची घरघर होती. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं की त्याचं स्टिअरिंग गेलं, उस्ताद गेला, तो जाऊन कुठेतरी स्टुलावर बसणार, आणि कुणामुळे, तर बायकोमुळे. "काही नाही," ती म्हणाली, "पोचले ना ते?" "पोचले की. पहिली फेरी झाली, दुसरीला निघतायत. काही निरोप?" "नाही. काही नाही." फोन ठेवल्यावर तिला घड्याळ दिसलं. दुपारच्या पाळीची बस लॅबच्या कोपऱ्यावर थांबते. तिनं ॲप्रन काढला नाही, हातही धुतले नाहीत.

थांब्यावर पाळीची माणसं उभी होती, डबे, पिशव्या, कुणी कानाला फोन लावलेलं. ऊन उभं होतं. ती कडेला, सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. बस वळणावरून आली तशी तिनं हात वर केला. काचेआड तो स्पष्ट दिसत होता. ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, घरी खेळताना ओठ मिटतो तसे ओठ मिटलेले. तिनं हात हलवला, प्लास्टरचा पांढरा हात. तो तिच्याकडे बघत नव्हता, टाळतही नव्हता. तिच्या जागी त्याला काहीच नव्हतं. बसचं पुढचं चाक फूटपाथच्या कडेला घासलं, माणसं मागे सरली, कुणीतरी "उस्ताद, झोपलात काय!" म्हणून हसलं, आणि दार उघडलं. सगळे चढायला लागले. शेवटी एक पोक्त गृहस्थ होते, एका हातात पिशवी, दुसरा हात दांडीला, एक पाय पायरीवर आणि एक रस्त्यावर. तिनं पाहिलं, त्यानं मान किंचित वळवली, आरशाकडे पाहिलं, आणि गाडी सोडली.

ती ओरडली. काय ओरडली ते तिला नंतरही आठवलं नाही. गृहस्थ एका पायावर लंगडी घालत दोन-चार पावलं फरपटले, पिशवी सुटली, आतल्यांनी पत्रा बडवला, आणि बस गचका खाऊन थांबली. कुणी पडलं नाही. गृहस्थांना दंडाला धरून आत ओढून घेतलं, तेही हसण्यावारी न्यायला लागले. आणि तो पुन्हा गियर टाकत होता, हे तिला आवाजावरून समजलं. ती बसच्या पुढून धावत पलीकडे गेली, उजव्या दिव्यासमोर, रस्त्याच्या मधोमध, जिथे ती त्याला दिसेल अशी ती एकच जागा उरली होती, तिथे जाऊन उभी राहिली.

आता त्याला ती दिसली. काच खाली झाली.

"वेड लागलंय का तुला? बाजूला हो!"

"नाही होणार."

"लोक बघतायत."

"बघू देत. मी तुझ्या डाव्या हाताला उभी होते. हात करत होते. सगळ्यांच्या पुढे."

मागून हॉर्न सुरू झाले. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचे डोळे त्या बाजूच्या आरशाकडे गेले आणि परत तिच्यावर आले. घरघर थांबली. इंजिन बंद झाल्यावर इतकं शांत झालं की आत कुणाचा तरी फोन वाजतोय तो बाहेर ऐकू आला. ती ड्रायव्हरच्या दारापाशी गेली, ते उघडून पायरीवर चढली. "आरसा खराब झाला असं वाटलं मला," तो हळू म्हणाला. "दोनदा बदलून घेतला. मेकॅनिकला शिव्या घातल्या." त्याच्या कपाळावरून घाम नाकावर येत होता आणि तो पुसत नव्हता. "डोकं दुखायचं. तुझ्या त्या डॉक्टरला विचारलं होतं त्या दिवशी, तू कपडे करत होतीस तेव्हा. तो म्हणाला, नंबर तपासून घ्या." माणसं उठायला लागली होती, पुटपुटत, घड्याळं बघत. तो समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होता आणि बस एकेका उतरणाऱ्यानिशी थोडी थोडी वर उचलली जात होती. "आवाजावर चालवत होतो," तो म्हणाला. "दाराच्या आवाजावर. पायऱ्यांच्या." मग किल्ली काढून त्यानं तिच्या तळहातावर ठेवली, प्लास्टरच्या भुकटीत ती काळी दिसली. "सगळे उतरले का बघ."

पुढचं सगळं भराभर झालं. मेंदूच्या मागच्या भागात, उजवीकडे, लिंबाएवढी गाठ होती. उजवीकडची गाठ डावीकडचं जग खाते, असं हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन डोळे काढून समजावलं. हळूहळू वाढते म्हणून माणसाला पत्ता लागत नाही, काळोखही दिसत नाही, फक्त तेवढं जग नसतंच. ऑपरेशन झालं. तो वाचला, बोलला, मुलीच्या हातचं बेचव सूप पिऊन तिला नावं ठेवली. गेलेली नजर आली नाही. कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये घेतलं, स्पेअर पार्ट मोजायला; डेपोतली माणसं अजून उस्तादच म्हणत, पण जरा मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलतात तसं. एक तरुण मुलगी त्याला शिकवायला यायची: रस्ता ओलांडताना, ताटावर बसताना, कुणी बोलत असताना, मान मुद्दाम डावीकडे न्यायची, दुखेपर्यंत न्यायची, आणि तिथून बघत बघत परत यायचं. तो ते शिकला. घुबड झालोय मी, म्हणायचा. आणि तिला एक वेगळीच सवय लागली, जिची तिला स्वतःला भीती वाटायची. तिला कळलं होतं की त्याच्या डावीकडे एक जागा आहे, खोलीत, जिन्यात, बाकावर, कुठेही, जिथे तिला चेहरा सांभाळायची गरज नाही. बिलांचा विचार आला, रात्रीची जाग आठवली, की ती सहज उठून तिकडे जायची, आणि तिथे बसून तिचं तोंड हवं तसं व्हायचं. उजवीकडे आली की पुन्हा नीट. त्याच्याशी बोलताबोलता ती असं जायची आणि यायची. एखाद्या बाईनं आपल्याच घरात चोरदार शोधून ठेवावं तसं ते होतं.

गाठीचा थोडा भाग शिरेला चिकटला होता म्हणून काढलेला नव्हता. त्यासाठी अधूनमधून मेंदूचे फोटो काढायला जायचं असे. त्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो उजेडाच्या पाटीवर लावला, जुना शेजारी लावला, आणि बराच वेळ पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. खोलीत फिनेलचा वास होता. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं आणि त्याचं एक चाक कुरकुरत होतं. ती त्याच्या उजवीकडे बसली होती. तिला फोटोतलं काही समजत नव्हतं, पण आयुष्यभर दोन दात शेजारी ठेवून फरक शोधणारे तिचे डोळे आपसूक एका फोटोवरून दुसऱ्यावर गेले, आणि त्यांना तो सापडला; एक पांढुरका डाग, नखाएवढा, जो जुन्यात नव्हता. डॉक्टरीणबाई वळल्या आणि म्हणाल्या, "तसं घाबरण्यासारखं नाही, पण आपण जरा..." ती उठली. पर्स घ्यायला उठावं तशी सहज उठली, खुर्चीमागून फिरली, आणि त्याच्या डावीकडच्या स्टुलावर जाऊन बसली. तिथे तिनं आपला चेहरा सोडून दिला. डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला आणि त्यांचं वाक्य अडखळलं.

त्यानं मान वळवायला सुरुवात केली. शिकवायला येणाऱ्या त्या मुलीनं शिकवली होती तशी, सावकाश, खांद्याच्या पलीकडे, शीर ताणेपर्यंत. ती डोळे पुसायला गेली पण हात पोचायच्या आत ती त्याच्या नजरेत आली. तो तिच्याकडे बघत राहिला. ओले गाल, वेडंवाकडं झालेलं तोंड, सगळं त्यानं निवांत पाहून घेतलं. मग तसाच तिच्याकडे बघत, मान परत न नेता, तो म्हणाला:

"डॉक्टर, आता काय ते सरळ सांगा. ही डावीकडे जाऊन बसलीय."